आकड्याखालची टिंबं

आमच्या दुकानात कुणाचंही खरं माप मोठ्याने सांगितलं जात नसे.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे एक रुंद खिडकी, खिडकीशी दोन शिलाई मशिनं, मधे कापड बेतायचं लांब टेबल आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली माप घ्यायची जागा. पडदा नावालाच होता. बाकावर बसलेल्या बायकांना आतलं सगळं ऐकू येई, आणि त्या कान टवकारूनच बसलेल्या असत. म्हणून मी एक पद्धत काढली. अंगाने भरलेली बाई आली, की कमरेभोवती टेप धरून मी मोठ्याने म्हणायचे, "तीस." मग टेप धरलेल्या हाताची जितकी बोटं सुटी असतील, तितके इंच त्यात मिळवायचे. तीन बोटं सुटी म्हणजे तेहतीस. टेबलापाशी मापाची वही घेऊन बसलेली माझी धाकटी बहीण तीस लिही आणि आकड्याखाली तीन बारीक टिंबं देई. बेतताना टिंबं मिळवून बेतायचं. त्या बाईने वहीत डोकावलं तरी तिला तीसच दिसायचे. कपडा अंगावर चोख बसायचा, बाई खूश व्हायची आणि बाकावरच्यांना चघळायला काही मिळायचं नाही.

एकदा शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. त्यांच्यासाठी मला पाचही बोटं सोडावी लागली आणि टेप खाली पडला. बहिणीला हसू आवरेना. खडू शोधायच्या निमित्ताने ती टेबलाखाली गेली ती वर येईच ना.

"काय गं, कुठे गेली ती?" मुख्याध्यापिका पडद्याआडून म्हणाल्या.

"खडू हरवलाय, बाई."

"खडूला हसू येतं वाटतं तुमच्याकडे."

त्यावर बाकावरच्या सगळ्याजणी हसल्या, आणि टेबलाखालून आवाज आला, "हो बाई, गुदगुल्या होतात त्याला."

माझ्या बहिणीला सगळे टिल्लू म्हणत. ती माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. वडील तिच्या जन्माआधीच गेले, आणि आई गेली तेव्हा टिल्लू चार वर्षांची होती. तिच्या वेण्या घालणं, शाळेत सोडणं, तापात उशाशी बसणं, सगळं माझ्याकडे आलं. माझं लग्न राहून गेलं. त्याचं मला फार वाटलं नाही, कारण घरात एक मूल होतंच. ती तेवीस वर्षांची झाली तेव्हा छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका शांत माणसाशी तिचं लग्न झालं. नात्याने तो माझा मेहुणा, पण मी त्याला जावईबापूच म्हणायचे. तोही लाजून हसायचा. दोघं मागच्या गल्लीतच राहत. सकाळी तो छापखान्यात गेला की ही दुकानात हजर.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि तिच्या हातातून कात्री पडू लागली.

सकाळी बोटं वळत नसत. तास-दीड तास गरम पाण्यात हात धरून बसावं लागे. मग गालांवर नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल चट्टा उठला. मशीनवर वाकली की कापडावर केस पडायचे. आधी ते आम्ही दोरेच समजलो. गावातल्या डॉक्टरांनी वर्षभर कधी संधिवाताचं, कधी उन्हाच्या पुरळाचं, कधी रक्त वाढायचं औषध दिलं. शेवटी त्यांनीच चिठ्ठी देऊन सहा तासांच्या अंतरावरच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून मोठ्या, बारीक चणीच्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, ल्युपस. ते तोवर मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणाल्या, "शरीरात बाहेरच्या जंतूंशी लढणारी एक फौज असते. हिच्या फौजेला आपलं-परकं कळेनासं झालंय. ती हिच्याच सांध्यांवर, कातडीवर चालून जाते. उद्या कुठल्याही अवयवावर जाईल."

"बरं होईल ना?" मी विचारलं.

"जात नाही. पण झोपवून ठेवता येतो. तो आज किती जागा आहे, हे मात्र सतत मोजत राहावं लागतं."

मोजायचं म्हटल्यावर मला जरा धीर आला. मोजणं हे तर माझंच काम.

त्यांच्याकडे एक छापील कागद होता. त्यावर चोवीस ओळी. गेल्या दहा दिवसांत काय काय झालं, ते बघून प्रत्येक ओळीपुढे गुण मांडायचे. ताप आला तर एक, पुरळ किंवा तोंडात फोड आले तर दोन, सांधे सुजले तर चार, लघवीतून प्रथिन जाऊ लागलं तर आणखी चार, झटका आला तर आठ. सगळ्याची बेरीज म्हणजे आजाराचा त्या दिवसाचा जोर. पहिल्या दिवशी टिल्लूची बेरीज दहा आली.

"परीक्षेत कधी इतके मिळाले नव्हते मला," ती म्हणाली. डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

दर महिन्याला तिथे जाणं शक्य नव्हतं. म्हणून तीन महिन्यांनी एकदा जायचं आणि मधल्या काळात घरी वही ठेवायची असं ठरलं. रोजचा ताप, सुजलेल्या सांध्यांची संख्या, तोंडातले फोड, आणि दुखणं व थकवा शून्य ते दहापैकी किती, हे रोज लिहायचं. शिवाय त्यांनी कागदी पट्ट्यांची एक डबी दिली. आठवड्यातून एकदा सकाळच्या लघवीत पट्टी बुडवायची आणि तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचा. पिवळी राहिली तर शून्य. हिरवट झाली तर एक, जास्त हिरवी झाली तर दोन, तीन. हिरवी होणं म्हणजे मूत्रपिंडांवर घाला. महिन्याचं पान टपालाने पाठवायचं, मग बाई औषधाचं काय करायचं ते उत्तरात कळवणार.

"वही तुम्ही लिहा, ताई," त्या मला म्हणाल्या. "रोगी स्वतः लिहितो तेव्हा जीव राखून लिहितो."

निघताना टिल्लूने विचारलं, "बाई, मूल?"

"आजार सलग सहा महिने शांत राहू दे. मग विचार करू. त्याआधी नाही, तुझ्याही जिवाला धोका आणि त्याच्याही."

"आणि शांत नाही राहिला तर?"

"मूत्रपिंडं धरली गेली तर जोरदार इंजेक्शनं द्यावी लागतील. त्यांनी जीव वाचतो. पण पाळी बंद पडू शकते. कायमची."

बसमध्ये सहा तास ती खिडकीबाहेर बघत होती. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाली, "सहा महिने म्हणजे काही फार नाहीत गं, ताई."

"मुळीच नाहीत," मी म्हणाले.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी पहिले दोन महिने चांगले गेले. चेहरा गोल झाला, पण बोटं वळू लागली. तिसऱ्या महिन्यात तपासणी झाली तेव्हा बेरीज दोनवर आली होती. बाईंनी गोळी कमी केली आणि आम्ही येताना बसस्टँडवर चहाबरोबर केकचा तुकडा घेऊन खाल्ला. टिल्लूने त्याच दिवसापासून सहा महिने मोजायला सुरुवात केली.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी मी वही उघडून बसले होते. रोजच्यासारखं विचारलं, "दुखणं किती?"

"दोन."

दोन म्हणणाऱ्या टिल्लूच्या ब्लाउजची वरची दोन बटणं उघडी होती, कारण बोटांनी ती लागत नव्हती. मी ती लावून दिली. परत येऊन वहीत दोन लिहिले. आणि माझा हात आपोआपच खाली गेला. मी दोनच्या खाली चार टिंबं दिली.

तिने ते पाहिलं. पूर्वीसारखी खुदकन हसली. "ही कशाला?"

"बेतताना लागतील," मी म्हणाले.

"डॉक्टरीणबाईंना कुठे कळतंय आपलं बेतणं?"

मीही हसले. आज इतक्या वर्षांनी त्या हसण्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. खरं लिहिलंय, असं मी मनाला समजावलं होतं. कागदावर सगळं आहे. कुणी विचारलं तर दाखवता येईल. मापाच्या वहीत मी कधी खोटं लिहिलं नव्हतं आणि याही वहीत लिहीत नव्हते. फक्त वाचणारीला टिंबं वाचता येत नव्हती, एवढंच.

तिथून ते सुरू झालं. सुजलेले सांधे: एक, खाली तीन टिंबं. थकवा: तीन, खाली चार टिंबं. पुढच्या आठवड्यात पट्टीला कडेने हिरवट छटा आली. आम्ही दोघी खिडकीशी उभं राहून ती डबीवरच्या रंगांशी ताडत होतो.

"उजेडाचा फरक आहे," टिल्लू म्हणाली. "खिडकीचं दार हिरवं रंगवलंय ना, त्याची छाया पडते."

"मग अंगणात चल."

"ताई, शून्य लिही. एवढं एकच शून्य लिही. गोळी वाढली तर सहा महिने परत पहिल्यापासून. आणि ती इंजेक्शनं दिली तर काय उरलं मला?"

मी शून्य लिहिलं. खाली एक टिंब दिलं.

ती एकटीच हट्टाला पेटली होती असं मी म्हणणार नाही. ते मूल मलाही हवं होतं. दुसरं मशीन भिंतीकडे किती सरकवलं तर पाळणा बसेल, हे मी टेप धरून मोजून ठेवलं होतं. तीन फूट दोन इंच. पाळण्यात ऊन येऊ नये म्हणून खिडकीला जाड पडदा शिवायचा, हेही ठरवलं होतं. टिल्लू मोठी होऊन मागच्या गल्लीत गेल्यापासून घर रिकामं वाटे, हे मी कुणाला बोलले नव्हते.

महिन्याचं पान जावईबापू टपालपेटीत टाकून येत. रोज उलटे खिळे वाचणारा माणूस, पण बायकोच्या पानावरची टिंबं त्याला दिसली नाहीत. दिसली असतील तरी कागदाचा दोष वाटला असेल. बाईंचं उत्तर यायचं: "छान चाललंय. आहे तेच औषध ठेवा." दुसऱ्या महिन्याचं उत्तर: "उत्तम. गोळी अर्धी करा." ते कार्ड टिल्लूने आरशाच्या फटीत खोचून ठेवलं.

मोजणीच्या तिसऱ्या महिन्यात एकदा टिल्लूचा नवरा दुकानात आला. काजं-बटणं करून घ्यायला आलेल्या बाया जाईपर्यंत उंबऱ्याशी उभा राहिला आणि मग म्हणाला, "ताई, हिच्या चपला हिच्या पायात शिरत नाहीत. माझ्या घालून हिंडते घरात."

"दिवसभर टेबलाशी उभी असते ना," मी म्हणाले.

"पापण्याही सुजतात सकाळी."

"गोळ्यांची सूज असते ती, जावईबापू."

"तुम्हाला कळतं त्यातलं," तो म्हणाला. "मी आपला उगाच घाबरतो." आणि निर्धास्त होऊन गेला. त्या आठवड्यात पट्टी चांगली हिरवी झाली होती. वहीत शून्य होतं आणि खाली दोन टिंबं.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीला आम्ही इस्पितळात गेलो. ती आणि मीच. जाताना तिने सैल मोजे घातले होते. रक्त काढून झालं; त्याचे निकाल यायला आठ-दहा दिवस लागत. मग नर्सने लघवीची बाटली दिली आणि बाथरूमकडे बोट दाखवलं.

टिल्लूने माझा हात धरून मलाही आत नेलं आणि कडी लावली. बाटली माझ्यापुढे धरली.

"तू भर."

"काय?"

"तू भर, ताई. तुझी स्वच्छ असेल."

"वेडबीड लागलंय का तुला?"

"तीन महिने काढलेत मी. आता फक्त तीन राहिलेत. तुझ्याकडे आजवर काही मागितलं का मी?"

खरंच काही मागितलं नव्हतं. चार वर्षांची असताना आईसुद्धा मागितली नव्हती तिने. आई कुठे आहे असं कधी विचारलंच नाही. नळ गळत होता, बाहेर कुणीतरी दार ठोठावत होतं. मी बाटली घेतली.

नर्सने पट्टी बुडवली. पट्टी पिवळीच राहिली. "एकदम स्वच्छ," ती म्हणाली आणि कागदावर लिहून आत घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी टिल्लूची बोटं एकेक करून दाबली. टिल्लूने ओठ आत घेतले, पण तोंडातून हुं की चूं काढलं नाही. मग बाईंनी मोजा खाली केला आणि नडगीवर अंगठा दाबून उचलला. तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला. बाई त्या खळग्याकडे बघत राहिल्या. मग लघवीच्या कागदाकडे, मग टपालाने आलेल्या पानांकडे.

"दिवसभर उभी असतेस का?"

"बेतायला उभंच राहावं लागतं."

"रक्तदाबही थोडा वाढलाय." त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "लघवीत काही नाही. पानांवर काही नाही. मग हे गोळ्यांमुळेच असणार." त्यांनी चोवीस ओळींचा कागद पुढे ओढला आणि एकेक ओळ खाली येत गेल्या. शून्य, शून्य, शून्य. पुरळाचे दोन. बेरीज दोन.

"रक्ताचे निकाल येऊ देत, पण मला तरी समाधान वाटतंय," त्या म्हणाल्या. "गोळी आणखी कमी करू, म्हणजे सूजही उतरेल. आणि पुढचे तीन महिने असेच गेले, तर पुढच्या खेपेला नवऱ्याला घेऊन ये. मुलाचं बोलू."

टेबलाखाली टिल्लूने माझा हात घट्ट धरला. इतका घट्ट, की त्या सुजलेल्या बोटांना किती दुखलं असेल. मी तिच्याकडे पाहिलं. तसा चेहरा मी तिच्या लग्नातही पाहिला नव्हता. बाई चिठ्ठी लिहीत होत्या. गोळीचं नाव लिहून झालं होतं. आकडा लिहायला त्यांनी पेन टेकवलं.

"बाई, ती टिंबं मिळवा," मी म्हणाले.

"कसली टिंबं?"

"आकड्यांखालची."

"शाई गळते तिच्या पेनातून," टिल्लू घाईघाईने म्हणाली. "ताई, चल. बस चुकेल."

"टिल्लू, हात सोड."

"ताई, नको ना."

मी पान ओढून घेतलं आणि बोट ठेवून दाखवलं. "हे दोन नाहीत, सहा आहेत. हा एक सांधा नाही, चार आहेत. आमच्या दुकानात अशी पद्धत आहे. आणि हे शून्य म्हणजे दोन." माझा आवाज मलाच कुणा दुसऱ्या बाईचा वाटत होता. "आणि मघाची बाटली माझी आहे."

टिल्लूने माझा हात सोडला होता. बाईंनी पेन बदललं, लाल घेतलं आणि तीन महिन्यांची तिन्ही पानं पसरून प्रत्येक आकड्याच्या डोक्यावर खरा आकडा लिहीत गेल्या. मधे एकदाही वर पाहिलं नाही. लिहून झाल्यावर पानं एकापुढे एक लावली, तेव्हा माझ्यासारखीलाही दिसलं. काळे आकडे सपाट जमिनीसारखे चालले होते, आणि लाल आकडे टिंबं सुरू झाली त्या आठवड्यापासून चढत होते.

"नर्स," त्या म्हणाल्या, "दुसरी बाटली द्या. आणि तुम्ही हिच्याबरोबर आत थांबा."

दुसरी पट्टी नर्सच्या हातातच गडद हिरवी झाली. डबीवरच्या रंगांशी ताडायची गरजच पडली नाही.

टिल्लूला त्याच दिवशी दाखल करून घेतलं. पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा तुकडा तपासला, आणि आठवड्याभरात पहिलं इंजेक्शन दिलं. दर महिन्याला एक, अशी सहा. मला बाई एक शब्द टाकून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मीच एके दिवशी त्यांना इस्पितळाच्या जिन्यात गाठलं.

"बाई, पहिल्यांदा पट्टी बदलली तेव्हाच सांगितलं असतं तर?"

त्या दोन पायऱ्या खाली उभ्या होत्या. "तेव्हा गोळी वाढवून बहुधा भागलं असतं," त्या म्हणाल्या. "बहुधा. इंजेक्शनांपर्यंत गोष्ट गेली नसती. पण आता हा विचार करत बसू नका. तुम्ही त्या दिवशी बोलला नसता, तर मी गोळी कमी केली असती आणि ती सहा महिन्यांनी राहिली नसती."

त्या खाली निघून गेल्या. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच दमात सांगितल्या, आणि मी आयुष्यभर पहिलीच धरून बसले.

टिल्लूची मूत्रपिंडं वाचली. थोडी अधू झाली, पण वाचली. आज ती साठीला आली आहे, आणि तिच्या बेरजा आता तीच लिहिते, तीच बघते. मूल झालं नाही. पाचव्या इंजेक्शनानंतर तिची पाळी गेली ती आलीच नाही. ती तेव्हा सत्तावीस वर्षांची होती.

पण मला आठवते ती चौथ्या इंजेक्शनाची दुपार. आधीच्या तिन्ही वेळा तिचा नवरा तिच्याबरोबर गेला होता. माझ्याशी ती बोलत नव्हती. दुकानात येणं बंद होतं. मी डबा घेऊन गेले तर तो घेई, ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. त्या महिन्यात छापखान्यातून त्याला रजा मिळेना. संध्याकाळी तो दुकानाच्या दारात येऊन म्हणाला, "ताई, उद्या तुम्ही जाता का? ती नको म्हणाली नाही."

वॉर्डात आठ खाटा होत्या. तिची खिडकीजवळची. सलाइनच्या बाटलीतून औषध थेंबथेंब उतरत होतं आणि मी तसराळं घेऊन शेजारी स्टुलावर बसले होते. तिला तीनदा उलटी झाली. तोंड पुसायला गेले तर तिने पुसू दिलं. डोक्याला रुमाल बांधला होता, केस विरळ झाले होते. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी विचारत होती, "मुलगी का तुमची?" मी हो म्हणाले.

"बहीण आहे मी तिची," टिल्लू डोळे मिटूनच म्हणाली. तीन महिन्यांत मी ऐकलेले तिचे ते पहिले शब्द.

सलाइनची बाटली अर्धी उतरली. मग तिने डोळे उघडले.

"तू सांगितलंस म्हणून मी बोलत नाही, असं वाटतंय ना तुला?"

मी तसराळं खाली ठेवलं.

"मी खोटं बोलत होते. मला पोर हवं होतं, मी खोटं बोलणारच. तू मोठी होतीस. तुला दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच टिंबं देत होतीस ना? तीन महिने रोज देत होतीस."

"हो."

"त्या दिवशी बोललीस तशी पहिल्या दिवशी का नाही बोललीस?"

मला पाळणा आठवला, पण ते तोंडातून निघेना. ती वाट बघत राहिली आणि मग तिने सोडून दिलं. थोड्या वेळाने फार हलक्या आवाजात म्हणाली, "एक विचारते. पहिल्यांदाच सांगितलं असतं, तर ही इंजेक्शनं लागली असती का? बाईंना विचारलंयस तू. मला माहितीय, तू विचारल्याशिवाय राहिली नसशील."

मला सांगता आलं असतं की असं कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टर असंच म्हणतात, आणि तिने ते मानलंही असतं. मानायला ती तयारच होती. माझ्या तोंडाकडे त्याच आशेने बघत होती. तिच्या लहानपणापासून त्या नजरेला मी काहीतरी बरं बोलून उत्तर देत आले होते.

"बहुधा लागली नसती," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी आलं नाही, चेहरा हलला नाही. सलाइनच्या नळीला धक्का लागू नये म्हणून तिने तो हात जपून उचलला आणि कुशीवर वळली, खिडकीकडे.

"पाणी दे," तिकडूनच म्हणाली. मी फुलपात्र तिच्या हाताशी नेलं. तिने दोन घोट घेतले आणि ते मागे न बघता परत केलं.

बाटली संपायला चार वाजले. नर्सने सुई काढून कापूस लावला आणि म्हणाली, घेऊन जा यांना. साडेपाचला बस होती. तिला उठवायला हवं होतं. चपला घालून जिना उतरवायला हवा होता. मी उभी राहिले, तिच्या खांद्याकडे हात नेला आणि हात लावायचा धीर न होऊन तशीच उभी राहिले.